कॅथलॅबमध्ये शिकायचं असेल तर आधी दाबाची रेघ वाचायला शीक

लातूर जिल्ह्यातल्या एका मुलीने विचारलं आहे. बारावी सायन्स झालं, नीटमध्ये दोनदा नंबर लागला नाही. पुण्यातल्या मावसभावाने सांगितलं की कॅथलॅब, म्हणजे नळी घालून हृदयाच्या धमन्या आणि झडपा तपासायची, उघडायची खोली, तिथल्या टेक्निशियनला मागणी आहे. कोणता कोर्स करू, सहा महिन्यांचं सर्टिफिकेट चालेल का, एक्स-रेचा मुलींना त्रास होतो का, असे तिचे तीन प्रश्न आहेत. शेवटची एक ओळ तिच्या वडिलांची आहे: "रात्री-अपरात्री बोलावतात म्हणे, ते कसं जमायचं?"

मी बावीस वर्षं या कामात आहे. सोलापूरला सुरुवात केली, आता पुण्यात आहे. तुझ्या वयाची माझी भाची आहे, म्हणून सरळ 'तू' म्हणते.

अमेरिकेत या कामाला इन्व्हेझिव्ह कार्डिओव्हॅस्क्युलर टेक्नॉलॉजिस्ट असं नाव आहे. आपल्याकडे कुठे कॅथलॅब टेक्निशियन म्हणतात, कुठे कार्डिऑलॉजी टेक्निशियन. पेशंटच्या नातेवाइकांसाठी आपण 'मशीनवाल्या मॅडम' असतो. तूही लिहिलं आहेस, "मशीन चालवायला शिकायचंय." मशीन हा या कामाचा सगळ्यात सोपा भाग आहे. सी-आर्म (एक्स-रेचा फिरता हात) फिरवणं, टेबल सरकवणं, पेशंटचं नाव टाकणं, एक्स-रेचं शूटिंग साठवून सीडी काढणं हे दोन-तीन महिन्यांत हाताला बसतं. कंपनी बदलली तरी बटणांच्या जागा बदलतात, एवढंच.

आम्ही तिघं तीन ठिकाणी उभे असतो. एक जण स्क्रब होऊन (हात धुऊन, निर्जंतुक गाऊन-हातमोजे घालून) डॉक्टरांच्या शेजारी. मॅनिफोल्डमधली (नळ्या जोडायच्या तोट्यांच्या पट्टीतली) हवा काढणं, वायर ओल्या गॉजने पुसून देणं, बलून तयार करणं, इनडिफ्लेटर नावाच्या पंपावर सांगितलेल्या दाबापर्यंत फुगवणं, ही त्याची कामं. दुसरा सामान उघडून देतो. तिसरा काचेपलीकडे कन्सोलवर, ईसीजी आणि प्रेशरच्या स्क्रीनसमोर. तालुक्याच्या गावातल्या लॅबमध्ये हीच तिन्ही कामं दोघांना करावी लागतात, आणि शिकण्याच्या दृष्टीने ती जागा वाईट नसते.

सामान देणाऱ्याचं काम बाहेरून हमालीसारखं दिसतं, पण तिथे मापांची एक भाषा शिकावी लागते. कॅथेटरचं, म्हणजे हृदयापर्यंत नेतात त्या नळीचं, माप फ्रेंच या एककात असतं. त्याला तीनने भागलं की मिलिमीटर मिळतात, म्हणजे सहा फ्रेंचची नळी दोन मिलिमीटर जाड. वायर इंचात मोजतात. कॉरोनरीत, म्हणजे हृदयाच्या स्वतःच्या धमनीत, जाणारी ०.०१४ इंचाची, तर कॅथेटर वर नेणारी साधारण ०.०३५ची. स्टेंट, म्हणजे धमनी उघडी ठेवणारी जाळी, पुन्हा मिलिमीटरमध्ये: 'थ्री बाय एटीन' म्हणजे तीन मिलिमीटर व्यासाचा आणि अठरा लांबीचा. डॉक्टरांनी माप सांगितलं की पाकीट फाडण्याआधी तेच माप मोठ्याने परत म्हणायचं, एक्स्पायरी वाचायची, त्यांनी 'हो' म्हटलं की मगच उघडायचं. चुकून उघडलेला स्टेंट परत कपाटात जात नाही. २०१७च्या फेब्रुवारीत सरकारने किमतीवर मर्यादा घातली, तेव्हा औषधाचा लेप असलेल्या स्टेंटची कमाल किंमत २९,६०० रुपये ठरली. त्याआधी हा आकडा किती तरी वर असायचा. आजही ज्या घरातून तो पैसा येतो, त्या घरात कदाचित पेरणीचं बियाणं त्याच पैशातून यायचं असतं. म्हणून माप परत म्हणायची सवय पहिल्या दिवसापासून लाव.

आता कन्सोलची जागा. माझ्या मते या पेशाचा जीव तिथे आहे, आणि बहुतेक कोर्समध्ये हाच भाग दोन तासांच्या लेक्चरमध्ये उरकतात.

माझ्या पहिल्या वर्षातली गोष्ट सांगते. तिशीतली बाई, लहानपणीच्या संधिवाती तापाने मायट्रल झडप आक्रसलेली. आपल्याकडे अशा पेशंट अजूनही येतात, आणि बऱ्याच जणींना ते बाळंतपणात पहिल्यांदा कळतं. बलूनने झडप उघडायची होती. त्यासाठीच्या इनूए बलूनचं माप पेशंटच्या उंचीवरून काढतात: सेंटिमीटरमधल्या उंचीला दहाने भागायचं आणि त्यात दहा मिळवायचे. तिची उंची १५० होती, म्हणजे पंचवीस मिलिमीटरचा बलून. सगळं ठीक झालं. बलून फुगला, त्याच्या कमरेतली खाच सुटली, इको करणाऱ्या मॅडम म्हणाल्या झडप छान उघडली, गळती नाही. पण माझ्या स्क्रीनवर डाव्या कर्णिकेचा (हृदयाच्या वरच्या डाव्या कप्प्याचा) दाब बावीसच्या खाली येईना. डॉक्टर विचारात पडले. आणखी एक मिलिमीटर वाढवून पुन्हा फुगवायचं का? जास्त फुगवलं तर झडप फाटते, मग तातडीचं ऑपरेशन.

आमचे सीनियर टेक्निशियन मागून आले. त्यांनी माझ्या स्क्रीनकडे न बघता काचेतून आत बघितलं. मधे कधी तरी टेबल वर घेतलं होतं. पेशंट वर गेली आणि ट्रान्सड्यूसर (दाब मोजणारा सेन्सर) मात्र सलाइनच्या स्टँडवर होता तिथेच राहिला, तिच्या छातीपासून अर्ध्या वितीहून थोडा जास्त खाली. त्यांनी वॉर्डबॉय मामांना सांगून तो वर करवला, मी पुन्हा झीरो केलं, म्हणजे हवेच्या दाबाला शून्य धरलं. दाब बारा. बाई त्याच दिवशी वॉर्डात गेली.

हिशेब साधा आहे. पाऱ्याचा एक सेंटिमीटर म्हणजे पाण्याचे १३.६ सेंटिमीटर. म्हणून ट्रान्सड्यूसर हृदयाच्या पातळीपासून एक सेंटिमीटर खाली गेला की आकडा पाऊण मिलिमीटरने फुगतो, आणि तेवढाच वर गेला की तेवढाच घटतो. तेरा-चौदा सेंटिमीटरला दहा मिलिमीटरची चूक. महाधमनीचा दाब १२०च्या जागी १३० दिसला तर कुणाचं फार अडत नाही. पण जिथे बारा आणि बावीस यांच्या मधे एका बाईचं ऑपरेशन आहे, तिथे अडतं. चौथ्या बरगडीची फट, आणि छातीच्या पुढच्या-मागच्या बाजूंच्या बरोबर मधोमध. झीरो तिथेच. टेबल हललं की पुन्हा. त्या दिवसानंतर मी कुठल्याही आकड्यावर विश्वास ठेवण्याआधी काचेतून आत बघते, आणि माझ्या हाताखालच्या मुलामुलींनाही तेच करायला लावते.

आकडा हा रेघेतून निघतो, हे मनात पक्कं बसू दे. मशीन रेघेचा वरचा आणि खालचा बिंदू पकडून आकडा छापतं. नळीत बुडबुडा असेल तर रेघ चपटी होते, नळी फार लांब असेल तर टोकं खोटी उंचावतात, आणि मशीन बिचारं जे दिसतं ते छापतं. ती रेघ खरी आहे की नाही हे ठरवणारं माणूस म्हणजे तू.

याच रेघेत धोक्याची पहिली खूण येते. अँजिओग्राफीत कॅथेटर कॉरोनरीच्या तोंडाशी लागतं. ते भिंतीला टेकलं, अगदी छोट्या फांदीत शिरलं, किंवा तोंडाशीच ब्लॉक असला की दाबाची रेघ एकदम खचते. आम्ही त्याला 'डॅम्प झालं' म्हणतो. कधी वरचा आकडा जवळपास तसाच राहतो आणि खालचा धाडकन उतरतो, रेघ जवनिकेतल्यासारखी (हृदयाच्या खालच्या कप्प्यातल्यासारखी) दिसू लागते. डाव्या मुख्य धमनीत असं दिसणं फार गंभीर. त्या अवस्थेत डाय (एक्स-रेत धमनी दिसावी म्हणून देतात ते औषध) जोरात मारला तर धमनीचा आतला पापुद्रा फाटू शकतो. उजवीकडे कोनस नावाच्या बारीक फांदीत डाय गेला तर व्हीएफ येऊ शकतं, म्हणजे हृदय नुसतं थरथरतं आणि शॉक द्यावा लागतो. डॉक्टरांचे डोळे त्या क्षणी एक्स-रेच्या चित्रावर असतात. रेघेवर तुझे असतात.

म्हणून त्याच क्षणी, मोठ्या आवाजात: "सर, प्रेशर डॅम्प आहे."

हे चार शब्द उच्चारायला मला दीड वर्ष लागलं. मीही खेड्यातलीच. मोठ्या माणसासमोर आधी बोलायचं नाही, डॉक्टरांना तर नाहीच, हे घरातून घेऊन आले होते. मी पुटपुटायचे, किंवा शेजारच्याला सांगायचे. एकदा मी पुटपुटले, कुणाला ऐकू गेलं नाही, डाय गेला आणि पेशंट व्हीएफमध्ये गेला. एका शॉकमध्ये परत आला, देवाची कृपा. घरी जाऊन रात्रभर झोपले नाही. ज्यांनी मला शिकवलं ते म्हणायचे की चुकीचा इशारा दिलास तर दोन सेकंद वाया जातील, दिला नाहीस तर काय जाईल ते तू बघितलंस. चांगले कार्डिऑलॉजिस्ट या ओरडण्याची वाट बघत असतात. ज्या लॅबमध्ये टेक्निशियनने तोंड उघडलेलं चालत नाही, तिथे फार दिवस राहू नकोस.

कॉरोनरी अँजिओग्राफीचा जन्मच अशा एका क्षणातून झाला. १९५८ साली क्लीव्हलंड क्लिनिकमध्ये डॉ. मेसन सोन्स महाधमनीत डाय देणार होते, पण कॅथेटरचं टोक सरकून उजव्या कॉरोनरीत गेलं आणि सगळा डाय तिथेच गेला. पेशंटचं हृदय काही सेकंद थांबलं. सोन्सनी त्याला खोकायला लावलं आणि ठोके परत सुरू झाले. तोवर अशाने माणूस जाईल अशीच समजूत होती. आजही डायनंतर ठोके मंदावले की आमच्या लॅबमधून हाक जाते, "काका, जोरात खोका! अजून एकदा!" हे तू पहिल्याच आठवड्यात ऐकशील.

आता कोर्स. महाराष्ट्रात नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाचा बीपीएमटी, म्हणजे पॅरामेडिकल टेक्नॉलॉजीचा पदवी अभ्यासक्रम आहे, त्यात कार्डिऑलॉजी टेक्निशियन ही शाखा आहे. बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी लागतं, ते तुझ्याकडे आहे. तीन वर्षं शिक्षण आणि पुढे इंटर्नशिप. सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात जागा मिळाली तर दुसरीकडे बघूच नकोस. फी कमी, आणि पेशंट इतके की हात आपोआप तयार होतो. राज्याबाहेर जायची तयारी असेल तर मणिपालसारख्या ठिकाणी कार्डिओव्हॅस्क्युलर टेक्नॉलॉजीची पदवी आहे, पण तिथला खर्च घरी बसून नीट मोजा. कर्ज काढून करण्याआधी सुरुवातीचा पगार किती असतो हे दोन-तीन काम करणाऱ्यांना विचारा. तो सुरुवातीला कमीच असतो. तीन-चार वर्षांनी, हात बसल्यावर, वाढतो.

सहा महिन्यांचं सर्टिफिकेट घेऊ नकोस. २०२१मध्ये केंद्राने संलग्न आरोग्य व्यावसायिकांसाठी कायदा केला. त्यात अशा व्यावसायिकासाठी किमान २००० तासांचं, दोन ते चार वर्षांत पसरलेलं शिक्षण सांगितलं आहे, आणि ज्यांच्याकडे ३६०० तासांची पदवी आहे त्यांची वेगळी व्याख्या आहे. सहा महिने यात कुठेच बसत नाहीत. हातात कागद येईल, नोंदणीच्या वेळी तो उपयोगाचा नसेल, आणि तोवर घरच्यांचे पैसे गेलेले असतील. अशा मुली माझ्याकडे नोकरी मागायला येतात, हुशार असतात, आणि त्यांना नाही म्हणताना मला वाईट वाटतं. नर्सिंग किंवा रेडिओग्राफी करून कॅथलॅबमध्ये आलेले पुष्कळ जण आहेत, तो रस्ता खरा आहे. पण तो दुसऱ्या पदवीचा रस्ता आहे, शॉर्टकट नव्हे.

कॉलेज बघायला जाशील तेव्हा इमारत बघू नकोस. शेवटच्या वर्षाच्या मुलांना गाठ आणि विचार, महिन्यात किती केसेसना आत उभं राहायला मिळतं, ट्रान्सड्यूसर स्वतः झीरो केलाय का, हृदयाच्या उजव्या बाजूचं कॅथेटरायझेशन (नळी घालून दाब मोजणं) किती बघितलं. 'आम्ही फक्त काचेतून बघतो' असं उत्तर आलं तर समजून घे. ज्या हॉस्पिटलात फक्त अँजिओप्लास्टी होतात, तिथे हात वेगवान होतो पण दाब वाचायला शिकायला मिळत नाही. झडपांचे, जन्मजात छिद्रांचे पेशंट येतात तिथे खरं शिक्षण होतं. एक उदाहरण देते. हृदयाच्या पडद्याला छिद्र असलेल्या मुलाचे वेगवेगळ्या कप्प्यांतले रक्ताचे नमुने येतात. महाधमनीत ऑक्सिजन ९८ टक्के, शरीरातून परत येणाऱ्या रक्तात ७०, फरक २८. फुप्फुसातून येणाऱ्या रक्तात ९८, फुप्फुसाकडे जाणाऱ्या धमनीत ८४, फरक १४. अठ्ठावीसला चौदाने भागलं की दोन, म्हणजे फुप्फुसातून दुप्पट रक्त फिरतंय. छिद्र बंद करायचं की नाही याचा विचार या आकड्यावर होतो. आणि सिरिंजवरची दोन लेबलं अदलाबदल झाली तर हाच आकडा पूर्ण खोटा. लेबल लावणारा हात तुझा असतो.

प्रवेश मिळेपर्यंत वेळ आहे, तर ईसीजी सुरू कर. रोज दोन पट्ट्या. सोबत प्रत्येक कप्प्याचा नेहमीचा दाब पाढ्यासारखा पाठ कर: उजव्या कर्णिकेचा सरासरी दोन ते सहा, उजव्या जवनिकेचा पंचवीस-पाच, फुप्फुसधमनीचा पंचवीस-दहा, वेज (फुप्फुसधमनीच्या फांदीत नळी अडकवून घेतलेला दाब) आठ ते बारा, डाव्या जवनिकेचा एकशेवीस-दहा, महाधमनीचा एकशेवीस-ऐंशी. नेहमीचं डोळ्यांत बसलं की बिघडलेलं आपोआप खुपतं.

एक्स-रेचं. भीती वाटणं बरोबर आहे, आणि ती भीती शिस्तीत बदलता येते. ॲटॉमिक एनर्जी रेग्युलेटरी बोर्डाची मर्यादा पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसिव्हर्ट (किरणांच्या मात्रेचं एकक) आहे आणि कुठल्याही एका वर्षात ३०च्या वर जायचं नाही. छातीवर, एप्रनच्या आत, टीएलडी बॅज (किरणांची मात्रा नोंदवणारा) लावायचा. तो दर तीन महिन्यांनी तपासायला जातो, आकडा तुझ्या नावावर येतो. तो आकडा मागून घे आणि वहीत लिही. शिशाचा एप्रन, थायरॉइड कॉलर, शक्य तिथे चष्मा. एप्रन पाच-सात किलोचा असतो, त्यामुळे माझ्या अनुभवात किरणांपेक्षा कंबर जास्त लोकांना त्रास देते. दोन तुकड्यांचा एप्रन मिळाला तर तोच घे. किरण मुख्यतः पेशंटच्या अंगावरून पसरून आपल्याकडे येतात. अंतर दुप्पट केलं की मात्रा साधारण पाव होते, म्हणून शूटिंगच्या वेळी एक पाऊल मागे घेणं हा फुकटचा उपाय आहे. सी-आर्म पेशंटच्या डावीकडे झुकला की एक्स-रेची ट्यूब आपल्या बाजूला येते आणि मारा वाढतो, तेव्हा काचेचं कवच मधे ओढायचं, कुणी सांगायची वाट बघायची नाही.

गरोदरपणाचं स्पष्ट सांगते, कारण हे मुलींना कुणी सांगत नाही. कळल्याबरोबर लेखी कळवायचं. त्यानंतर बाळासाठी उरलेल्या काळात १ मिलिसिव्हर्टची मर्यादा आहे. माझ्या पहिल्या वेळी मी सहाव्या आठवड्यात कळवलं. त्यानंतर मला आत पाठवलं नाही. कन्सोल आणि इको रूम सांभाळली. मुलगी आता दहावीला आहे. लपवून काम करणाऱ्या मैत्रिणीही मी पाहिल्या, नोकरी जाईल या भीतीने. तशी वेळ येऊ नये म्हणून नोकरीच्या मुलाखतीतच विचार की अशा वेळी कुठे काम देता.

परदेशाबद्दल तू विचारलं नाहीस, पण मावसभाऊ विचारेल. अमेरिकेत सीसीआय नावाची संस्था आरसीआयएस ही परीक्षा घेते, तीच तिथली ओळख. आखाती देशांत कागदपत्रांची डेटाफ्लो पडताळणी आणि प्रोमेट्रिकची परीक्षा असते. दोन्हीकडे पदवी आणि अनुभवाचे कागद लागतात, म्हणून पहिल्या दिवसापासून केसेसची नोंदवही ठेव.

आता वडिलांना. काका, रात्री बोलावतात, हे खरं आहे. हार्ट अटॅकचा पेशंट दारात आला की बंद धमनी दीड तासाच्या आत उघडायचा प्रयत्न असतो, आणि कॉलवरच्या माणसाने साधारण अर्ध्या तासात पोहोचायचं असतं. आठवड्यातले ठरावीक दिवस कॉल असतो, रोज नाही. चांगली हॉस्पिटलं मुलींना न्यायला-सोडायला गाडी पाठवतात, कॉलच्या दिवशी राहायला खोली देतात. ते नोकरी घेताना लेखी मागून घ्या, मी घेतलं होतं. सोलापूरला असताना पहिलं वर्षभर माझे वडील रात्री स्कूटरवर मला सोडायला यायचे आणि केस संपेपर्यंत खाली चहाच्या टपरीवर बसायचे. एकदा पहाटे चारला मी खाली आले, तर ज्यांची अँजिओप्लास्टी झाली होती त्यांचा मुलगा वडिलांच्या शेजारी बसून चहा पीत होता. वडिलांनी त्याला सांगितलं, "हीच माझी मुलगी, आत होती." पुढच्या महिन्यापासून हॉस्पिटलने गाडी सुरू केली, तरी वडील कधीमधी येतच राहिले.